लॅपटॉपचा पासवर्ड विसरला? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा



आज फवारणीचा संदेश नाही. आज लॅपटॉपबद्दल लिहितो आहे. घरी पोरांच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेतलेले, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताई, कृषी केंद्रवाले, आपले गाव समन्वयक, सगळ्यांनी वाचा.

दिवाळीनंतर आपल्या कंपनीचा लॅपटॉप दोन दिवस बंद होता. बिघडला नव्हता, पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. आपला ऑपरेटर पुण्याला नोकरीला गेला. मला वाटलं तो सांगून गेला, त्याला वाटलं मी लिहून घेतला. चूक माझीच. त्या लॅपटॉपमध्ये सगळ्या सभासदांची यादी, सातबाऱ्याप्रमाणे क्षेत्र, बँक खात्याचे नंबर, शेअरच्या पावत्या, आणि कामगंध सापळ्यात सापडलेल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांच्या तीन हंगामांच्या नोंदी. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये होता, बाजारात भाव त्याच्या खाली, त्यामुळे नोंदणीसाठी रोज फोन येत होते, आणि यादी आत अडकलेली.

तालुक्याच्या दुकानात नेला. तिथला भाऊ म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, फॉरमॅट मारतो, तासाभरात चालू." मी हो म्हणायच्या बेतात होतो. त्याचं काही चुकलं नाही, लॅपटॉप चालू करून देणं हे त्याचं काम. आतला डेटा राहतो की जातो हे विचारणं आपलं काम. *फॉरमॅट म्हणजे पासवर्डही जातो आणि आतलं सगळंही जातं.* तो शेवटचा उपाय, पहिला नाही.

आधी साधं बघा. कॅप्स लॉक चालू आहे का, आकडे असतील तर नम लॉक बंद आहे का. आणि आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट: सातबाऱ्यावरची नावं टाइप करायला मराठी कीबोर्ड जोडलेला असतो आणि लॉगिनच्या वेळी तोच चालू राहतो. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात भाषा दिसते. विंडोजची की धरून स्पेसबार दाबा, इंग्रजी येईल. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून ठेवलं की टाइप केलेलं दिसतं. निम्मे लोक इथेच सुटतील असा माझा अंदाज आहे.

पासवर्ड खरंच विसरला असेल तर बघायचं एकच: खातं मायक्रोसॉफ्टचं आहे की लॅपटॉपपुरतं लोकल. मुद्दाम एकदा चुकीचा पासवर्ड टाका आणि संदेश नीट वाचा. त्यात मायक्रोसॉफ्ट अकाउंट असं नाव आलं तर पहिला प्रकार. नुसतं 'पासवर्ड चूक' म्हणून खाली 'रीसेट पासवर्ड' असं आलं तर लोकल. उगाच वीस वेळा अंदाजाने टाकत बसू नका. नव्या विंडोज 11 मध्ये दहा चुकांनंतर दहा मिनिटं कुलूप लागतं.

*मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर* लॅपटॉपला हात लावायची गरजच नाही. कोणत्याही मोबाइलवर अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम स्लॅश पासवर्ड स्लॅश रीसेट हे पान उघडा, ईमेल टाका, कोड मागवा, नवा पासवर्ड ठेवा. मग लॅपटॉपला लॉगिनच्या स्क्रीनवरूनच मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, खाली उजवीकडे नेटवर्कचं चिन्ह असतं. हे बऱ्याच जणांचं राहून जातं. नेट नसेल तर लॅपटॉपला नवा पासवर्ड कळतच नाही आणि तो जुनाच मागत बसतो.

आमची गाडी कोडवर अडली. ऑपरेटरने ईमेल सांगितला, पण कोड ज्या नंबरवर जाणार त्याचे शेवटचे दोनच आकडे दिसत होते आणि ते आमच्यापैकी कोणाच्याच फोनचे नव्हते. संध्याकाळी एका संचालक काकांना आठवलं: कंपनीचं जुनं सिम त्यांनी विहिरीवरच्या मोटरच्या मोबाइल स्टार्टरमध्ये टाकलं आहे! रात्री थ्री फेज यायच्या आधी टॉर्च घेऊन वावरात गेलो, पेटीतून सिम काढलं, माझ्या फोनमध्ये घातलं, कोड आला. काका म्हणाले, "आता पाणी कोण सोडीन?" सिम परत बसवूनच निघालो. स्टार्टरसाठी त्यांनी रिचार्ज चालू ठेवला म्हणून निभावलं. 90 दिवस न वापरलेला नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो.

नंबर हातातून गेलाच असेल तर मायक्रोसॉफ्टचा ओळख पटवायचा फॉर्म आहे. पण ओळखीची सगळीच माहिती बदलावी लागली तर 30 दिवस थांबावं लागतं. खरेदीच्या हंगामात 30 दिवस म्हणजे काय ते सांगायला नको.

*लोकल खातं असेल तर* 'रीसेट पासवर्ड' दाबल्यावर खातं उघडताना दिलेले तीन प्रश्न येतात, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव वगैरे. उत्तर तेव्हा ज्या स्पेलिंगने दिलं त्याच स्पेलिंगने लागतं. बैलाचं नाव ढवळ्या दिलं असेल तर इंग्रजीत कसं लिहिलं होतं ते आठवा. प्रश्न नसतील, पण त्याच लॅपटॉपवर दुसरं अ‍ॅडमिन खातं असेल, तर त्यातून पासवर्ड बदलता येतो. मात्र असा बदलला तर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड जाऊ शकतात.

पिन विसरला असेल तर सोपं आहे. 'आय फरगॉट माय पिन' दाबा, नाहीतर 'साइन-इन ऑप्शन्स'मधून पासवर्डने आत जा.

यातलं काहीच जमलं नाही तर दुकानात न्या, पण आधी सांगा: *"भाऊ, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून डेटा आधी काढ, मग फॉरमॅट."* डिस्क बिटलॉकरने बंद केलेली असेल तर 48 आकड्यांची की मागेल. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी या पानावर. तिथेही नसेल आणि कागदावरही नसेल तर तो डेटा खुद्द मायक्रोसॉफ्टलाही काढून देता येत नाही. टॅलीव्हॉल्टचंही तसंच, तो पासवर्ड विसरला की हिशेब कायमचा बंद.

गुगलवर 'पासवर्ड हेल्पलाइन' शोधून मिळालेल्या नंबरला फोन करू नका. ते एनीडेस्क टाकायला लावतात, ओटीपी मागतात आणि खातं रिकामं करतात. फसलात तर लगेच 1930 वर फोन करा.

आता आजच करायचं काम, दहा मिनिटांचं. लॅपटॉप उघडा, सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' बघा, कोणतं खातं आहे ते वहीत लिहा. मायक्रोसॉफ्टचं असेल तर त्याला जोडलेला नंबर चालू आहे का बघा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबरही जोडा. लोकल असेल तर तीन प्रश्न भरून ठेवा. महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर काढा, आणि तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. दोन्ही एकदमच हरवतील.

कंपनीच्या लॅपटॉपचा पासवर्ड आता बंद पाकिटात, कार्यालयाच्या कपाटात आहे. पाकिटावर अध्यक्षांची आणि माझी सही आहे. गाव समन्वयकांनी आपापल्या मशीनचं असंच पाकीट करून सोमवारच्या बैठकीला आणावं. पासवर्ड ग्रुपवर टाकू नका, मागच्या वेळी एकाने टाकला होता.

शुक्रवारचा संदेश तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीचा. तोपर्यंत फुलोऱ्यातल्या तुरीत झाडं हलवून खाली अळ्या पडतात का बघा आणि फोटो पाठवा.

— आपला कृषी सल्लागार