पाण्यातली वीज, विजेतले पाणी



नळाला पाणी आले की अनेक घरांत पहिले काम असते ते उरलेले ‘शिळे’ पाणी ओतून देण्याचे. झाकून ठेवलेले पाणी चार दिवसांत शिळे होत नाही, हे ठाऊक असते. तरी हात वळतोच.

हे पाणी येते कोठून? पैठणच्या नाथसागरातून. आपले शहर त्या जलाशयापेक्षा सुमारे शंभर मीटर उंचावर आहे, म्हणून पाणी पंपाने चढवावे लागते. एक हजार लिटर पाणी तेवढे उचलायला, पंपाची तूट सोडली तरी, पाव युनिटाहून अधिक वीज लागते. मोरीत ओतलेल्या बादलीबरोबर वीजही वाहून जाते ती अशी. उलट बाजूही खरी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

याच शहरात एके काळी विजेवाचून पाणी खेळत होते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेली नहर केवळ उताराच्या बळावर वाहत असे. पाणचक्कीत दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जाते फिरवीत आणि यात्रेकरू-फकिरांसाठी दळण दळीत. आपण पाहुण्यांना तिथे आवर्जून नेतो; पाहतो मात्र कारंजे!

“बोअर माझे, वीजबिल माझे, मग पाणी कसेही वापरीन,” असे काही जण म्हणतात. संत थॉमस अक्वायनस वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा खासगी हक्क मान्य करतात. वापर मात्र ती सर्वांची आहे असे समजून करावा, असे त्यांचे म्हणणे. आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांतले पाणी कुंपण ओळखत नाही. माझ्या पंपाने शेजाऱ्याची विहीर आटू शकते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पाणी कमी वापरणे, गरजेपुरतेच शिजवणे, नको असलेले दिवे मालवणे अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मुद्दाम नोंदवल्या आहेत. पाच हजार लोक जेवून तृप्त झाल्यावरही प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले होते (योहान ६).

डासांमुळे साठवणीचे भांडे आठवड्याला घासावेच लागते. मात्र त्यातले पाणी कुंड्यांना, फरशीला, संडासात वापरा. टाकी वाहू लागण्याआधी मोटर बंद करा. आणि मिस्सा संपल्यावर रिकाम्या बाकांवरचे पंखे बंद करायला कोणाची वाट पाहू नका. बटणे दाराशेजारीच आहेत.