निलगिरीची निगा आणि लगद्याच्या लाकडाची प्रत

कागद कारखान्यास लाकूड पुरविण्यासाठी अनेक शेतकरी बंधू निलगिरी लावतात. लाकूड वजनावर विकले जाते. म्हणून झाड जाड झाले की काम झाले, असा समज असतो. कारखान्याचा हिशेब मात्र निराळा आहे. एक टन लाकडातून लगदा किती निघतो व तो शिजविण्यास रसायने किती लागतात, हे तो पाहतो. या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशी शेतातच ठरतात आणि लागवडीच्या वेळी झालेली चूक पुढे सुधारता येत नाही.

चांगले लाकूड कोणते?

निलगिरीचा तंतू सुमारे १ मिलिमीटर लांब, म्हणजे बांबूच्या तंतूहून बराच आखूड असतो. त्यापासून लिहिण्या-छापण्याचा गुळगुळीत कागद होतो. लाकूड मध्यम घनतेचे असावे. फार हलक्या लाकडाचा लगदा कमी भरतो. फार जड लाकडात रसायन नीट मुरत नाही.

रोप व जमीन

बियांच्या रोपांत झाडागणिक फरक पडतो. निवडक झाडाच्या फांदीपासून केलेली रोपे सारखी वाढतात. भद्राचलम परिसरात १९९० नंतरच्या दशकात अशाच रोपांची लागवड वाढली. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे गुंडाळतात. असे झाड पुढे झुकते, आणि झुकलेल्या खोडाच्या वरच्या अंगास ताणाचे लाकूड तयार होते. ते कापताना तडकते व त्याच्या लगद्याचा कागद दुबळा होतो.

जमीन खोल व निचऱ्याची घ्यावी. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. पाणी साचल्यास मुळे गुदमरतात. पाणी व खत मिळाल्याने वाढ झपाट्याने होते. त्याने घनतेत थोडाफार फरक पडला तरी एकरी मिळणारा लगदा वाढतो. म्हणून लाकूड घट्ट व्हावे या समजुतीने झाडास उपाशी ठेवू नये.

अंतर व तोडणी

झाडे फार दाट लावल्यास खोडे बारीक राहतात व सालीचे प्रमाण वाढते. फार विरळ लावल्यास जाड फांद्या सुटून गाठी पडतात आणि गाठी नीट शिजत नाहीत. ३ × २ मीटर हे अंतर सोयीचे असून एकरी सुमारे ६७० झाडे बसतात.

दोन-तीन वर्षांच्या खोडात गाभ्याजवळचे कोवळे लाकूडच अधिक असते. त्याचे तंतू आखूड व घनता कमी असते. फार जुन्या झाडात रंगीत गाभा वाढून रसायने अधिक लागतात. साधारण पाचव्या वर्षी तोडणे हा मधला मार्ग होय. तोडल्यावर ओली असतानाच साल काढावी; वाळल्यावर ती चिकटून बसते. खुंटास फुटवे आल्यावर एक-दोन सरळ, जोमदार फुटवे राखून बाकीचे काढावेत.

ग्रामसेवकांनी लागवडीपूर्वी प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीचा निचरा व रोपांची मुळे स्वतः पाहावीत. पाच वर्षांच्या मेहनतीचे मोल त्या एका पाहणीवर अवलंबून असते.