‘चालू होईल’च्या भरवशावर

कंपनी बंद पडली की माणूस खचतो हे खरंच, पण माझ्या पाहण्यात जास्त माणसं खचली ती कंपनी ‘चालू होणार’ या बातमीनं. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होते. आधी पगाराची तारीख पुढे सरकली, मग ओव्हरटाइम थांबला, कँटीनचा ठेकेदार उधारीला कंटाळून निघून गेला आणि शेवटी गेटवर नोटीस लागली. त्याच संध्याकाळपासून व्हॉट्सॲपवर सुरू झालं: नवा मालक येतोय, पुण्याची पार्टी बघून गेली, दिवाळीनंतर पहिली शिफ्ट. दिवाळी गेली. आमच्यातले काही जण तरी रोज डबा घेऊन निघत आणि गेटसमोरच्या टपरीवर बसत. घरी सांगितलंच नव्हतं.

मला हे चित्र ओळखीचं होतं. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. म्हणजे ‘आता संपलं, दुसरं बघू’ असं म्हणायला एक ठरावीक दिवससुद्धा कुणाला मिळाला नाही. ‘मिटतंय’ अशी आवई मात्र सारखी उठे. पुष्कळ जण कोकणात, घाटावर गावी गेले आणि आल्यागेल्याकडे भोंग्याची चौकशी करत राहिले.

आई खोलीत खाणावळ चालवायची. गिरणगावातल्या बायकांची ती जुनीच कमाई. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं होतं. पण संपात जेवणारेच बिनपगारी झाले. तेव्हा आईनं दादरच्या ऑफिसांतले डबे धरले. वडिलांना ते लागलं. डबे घेणं म्हणजे संप फुटल्याची कबुली, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना दोष देत नाही. युनियनला धीर धरा म्हणावंच लागतं, घराला मात्र वाण्याची तारीख असते.

म्हणून नोटीस लागली त्या रात्री आम्ही नवराबायकोनं ठरवलं, की धाकट्याची परीक्षा होईपर्यंत कंपनीची वाट बघायची, पुढे नाही. अशी मुदत तुम्हीही घाला, आणि मोठ्या मुलांना सांगून टाका. आईबाप हळू आवाजात बोलायला लागले की त्यांना कळतंच.

मधल्या काळात कागद गोळा करा, कारण ऑफिसला कुलूप लागलं की शिक्का मारायला कुणी उरत नाही. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, अनुभवाचा दाखला. पीएफच्या खात्यात तुमचं नाव, जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख बरोबर लागली आहे का, ते स्वतः बघा. एका अक्षराच्या चुकीवरून अर्ज परत येतात. नोकरी दहा वर्षांच्या आतली असेल, तर पेन्शनचा हिस्सा घाईनं काढू नका. स्कीम सर्टिफिकेट घेतलं की ती वर्षं पुढच्या नोकरीत मिळवली जातात, आणि दहा भरली की पेन्शनचा हक्क लागतो.

‘राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो,’ असं म्हणणारा हमखास भेटतो. आमच्याकडेही भेटला, तोही चहा पाजून. सही करण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा. कामगार म्हणून तुमची कपात झाली, तर भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई असते. आपण होऊन राजीनामा दिला की ती मागता येत नाही. ग्रॅच्युइटीचं वेगळं आहे. पाच वर्षं सलग झाली असतील, तर राजीनामा दिला तरी ती मिळते, आणि ती तीस दिवसांत द्यायची असते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना पंधरानं गुणून सव्विसानं भागा, मग वर्षांनी गुणा. आकडा आपला आपल्याला ठाऊक असलेला बरा.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. घरात म्हातारी माणसं असतील, तर स्वतःची पॉलिसी काढायचं काम सगळ्यात आधी. बँकेतही हप्ता थकण्याआधी जा. नव्वद दिवस थकलं की कर्ज एनपीएत जातं आणि मग मॅनेजरचा सूर बदलतो.

मुदत संपल्यावर मी सातपूरला एका छोट्या युनिटमध्ये कमी पगारावर लागले. टपरीवर बसणाऱ्यांपैकी दोघांनाही तिथंच चिकटवलं. त्यांच्या घरी खरं सांगायला मात्र माझ्या नवऱ्याला जावं लागलं. थकलेल्या पगाराचा आमचा दावा अजून चालू आहे. तारखेला आम्ही तिघं जातो, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.