हृदयविकार : वेळीच ओळखू या



रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत जड वाटू लागले, की आपल्या घराघरांतून पहिला शब्द निघतो तो 'गॅस'. मग ओवा दिला जातो, सोडा पाजला जातो, पाठीला बाम चोळला जातो आणि 'सकाळी डॉक्टरकडे जाऊ' असे ठरते. पुष्कळदा तो खरोखर गॅसच असतो. पण जेव्हा तो गॅस नसतो, तेव्हा सकाळपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून हृदयविकार कसा जडतो, कसा ओळखावा आणि त्याला दूर कसे ठेवावे, हे आज आपण साध्या शब्दांत समजून घेऊ या.

हृदयविकार म्हणजे काय?

आपले हृदय आपल्या मुठीएवढे असते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देऊन ते दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त शरीरभर पाठवते. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याला दोन मुख्य रक्तवाहिन्या व त्यांच्या फाट्यांतून मिळते. या वाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात.

त्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. हे म्हातारपणातच सुरू होते, असे आपण समजतो. पण कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली, त्याचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्या जवानांचे सरासरी वय अवघे २२ होते, तरी शंभरातील ७७ जणांच्या वाहिन्यांत या विकाराच्या खुणा सापडल्या.

थर वाढून वाहिनी अरुंद झाली, की जिना चढताना किंवा भरभर चालताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते. याला अंजायना म्हणतात. ही पूर्वसूचना आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. काही वेळा मात्र हा थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाहिनी बंद होते. हाच हार्ट अटॅक. थर लहान असला तरी तो फुटू शकतो. म्हणूनच 'कालपर्यंत ठणठणीत होता' असा माणूसही अचानक कोसळतो.

लक्षणे कोणती?

१. छातीच्या मध्यभागी दडपण, आवळल्यासारखे वाटणे किंवा जळजळ.
२. ही कळ डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, मानेत, पाठीत अथवा पोटाच्या वरच्या भागात जाणे.
३. दरदरून घाम, धाप, मळमळ, चक्कर, एकाएकी आलेला थकवा.

स्त्रिया, मधुमेही आणि वृद्ध यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. त्यांच्या छातीत कळ येईलच असे नाही. नुसती धाप, घाम किंवा कमालीचा अशक्तपणा एवढेच लक्षण असू शकते. आपल्या घरातल्या आया तर 'कामाने दमले असेन' म्हणून दुखणे अंगावर काढतात. त्यांनी सांगेपर्यंत थांबू नका, आपणच विचारा.

अशा वेळी काय करावे?

रक्त बंद झाले, की हृदयाचा स्नायू अर्ध्या तासाच्या आत मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असो वा अँजिओप्लास्टी, पहिल्या एक-दोन तासांत झालेल्या उपचाराचा फायदा सर्वांत मोठा असतो. म्हणून,

• लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत गेली नाहीत, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला घेत बसू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. ती यायला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघा. रुग्णाला चालायला किंवा गाडी चालवायला लावू नका.
• अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटातील रक्तस्राव किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू नसेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यावी.
• शेजाऱ्याची जिभेखाली ठेवायची गोळी आपल्या माणसाला देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो.
• पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी परतू नये. काही वेळाने पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे.
• माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल, तर मदतीसाठी फोन करून ताबडतोब त्याच्या छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोराने दाब द्यायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब दोन इंच खोल. मदत येईपर्यंत थांबू नये.

हा विकार कुणाला होतो?

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. पुढे ५२ देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले. वरील तीन कारणांबरोबर मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू हे सारे मिळून जगभरातील बहुतेक हार्ट अटॅकचा धोका ठरवतात, असे त्यात दिसले. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी आलेला आढळला. या वयात मुलांची शिक्षणे आणि लग्ने व्हायची असतात, कर्ज फिटायचे असते. दुखणे एकाला होते, पण सारे घर त्यात सापडते.

हृदय निरोगी कसे राखावे?

तंबाखू कोणत्याही रूपात नको. सिगारेट-बिडी सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्मा होतो, म्हणून 'आता सोडून काय उपयोग' असे म्हणू नये. दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चमच्यापेक्षा कमी असावे. खारवलेली सुकी मासळी, लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठही त्यातच मोजायचे. बांगडा, तारली यांसारखी ताजी मासळी हृदयाला चांगली, पण तळण्याऐवजी कालवण करावे. डाळ, पालेभाजी आणि फळ रोज ताटात असावे. आठवड्यातून निदान पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. रक्तदाब १४०/९० च्या वर राहत असेल, तर काही त्रास जाणवत नसला तरी उपचार हवेत. 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करणे फार धोक्याचे आहे.

या रविवारी एवढे करू या

आज जेवायला सारे एकत्र बसाल, तेव्हा तीन गोष्टी ठरवून ठेवा. रात्री-अपरात्री ईसीजी आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते? तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे का? घरातल्या कुणाला कोणत्या गोळ्या चालू आहेत? ही उत्तरे एका कागदावर लिहून फोनजवळ लावा आणि रेशनकार्ड व आधारकार्ड त्याच्याजवळ ठेवा. संकटाच्या रात्री शोधाशोधीत वेळ जातो, तो या कागदाने वाचेल. आणि पुन्हा कधी छातीत दुखू लागले, तर आधी तपासणी करू या. गॅस निघाला, तर हसतमुखाने घरी परत येऊ.