गाडीतच मुक्काम, पण कुठे?

प्रश्न : शिरूर आणि दौंडची दोन कुटुंबं कॅराव्हॅन भाड्याने घेऊन पावसाळ्यात माळशेजला निघाली आहेत. रात्री गाडी कुठे लावावी?

उत्तर : घाटात मुळीच नको. तिथे दरडी कोसळतात आणि दाट धुक्यात उभी गाडी मागच्याला दिसत नाही. आळेफाटा, ओतूरमार्गे जाताना घाटाच्या अलीकडेच, पिंपळगाव जोगे धरणाच्या परिसरात, जागामालकाला विचारून थांबावं.

राज्याच्या २०२१च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या वाहनतळांची तरतूद आहे. तशी जागा मिळते का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

गाडी कडक मुरमावर लावावी. भिजल्या मातीत चाकं रुततात. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. झोपण्यापूर्वी सिलिंडर बंद करून खिडकीला बोटभर फट ठेवावी.