ऱ्होड्सला जाताय? आधी हा हिशेब बघा

ऱ्होड्स ग्रीसमध्ये, म्हणजे शेंगेन व्हिसा हवा. फी 90 युरो. 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. एसएमएस, कुरिअर, लाउंज हे सगळं ऐच्छिक, बिनधास्त नाही म्हणा. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. 30,000 युरोंचा प्रवास विमा, बँक स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग जोडा. निर्णयाला 15 दिवस, प्रकरण अडलं तर 45. अर्ज सहा महिने आधी करता येतो.

खरा सापळा पुढे आहे. ऱ्होड्सच्या बंदरावर तुर्कस्तानातल्या मार्मारिसच्या एका दिवसाच्या सहलीची तिकिटं मिळतात. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर संध्याकाळी परत ग्रीसमध्ये येता येणार नाही! शिवाय तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा. मोह असेल तर अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा, नाहीतर सीमीला जा. ते ग्रीक बेट आहे, व्हिसाचा प्रश्नच नाही.

अथेन्सहून विमानाने तासभर लागतो. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून फेरी रात्रभर चालते. केबिन घेतलीत तर एका रात्रीचं हॉटेल वाचतं. विमानतळ शहरापासून सुमारे 14 किलोमीटर. बस टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त.

एप्रिल ते ऑक्टोबर खोलीमागे रोज सरकारी कर लागतो. 2025च्या दरांनुसार तीन तारांकित हॉटेलात 5 युरो, चारला 10, पाचला 15. बुकिंगच्या किमतीत तो बहुतेकदा धरलेला नसतो, काउंटरवर मागतात. चार तारांकितमध्ये पाच रात्री म्हणजे 50 युरो, आधीच बाजूला काढा.

जुन्या शहरात गाडी दारापर्यंत जात नाही. गल्ल्यांत उभे गोटे बसवलेत, बॅगेची चाकं त्यात अडकून मोडतात. पाठीवरची सॅक न्या. शूरवीरांचा रस्ता फुकट, तटाखालच्या खंदकातून फिरणंही फुकट. कोलोसस हा प्राचीन पुतळा शोधू नका. त्याचं काही उरलेलं नाही.

जुन्या शहरातल्या सोक्रातूस रस्त्यावर जेवण महाग. मासे किलोवर विकतात, त्यामुळे आधी वजन करून भाव विचारा. न मागितलेल्या पावाचेही पैसे लागू शकतात. पावती मागा, ती दिली नाही, तर ग्रीक कायद्यानुसार पैसे द्यायला तुम्ही बांधील नाही. कार्डमशिन रुपये की युरो विचारेल, तेव्हा युरोच निवडा.

नोव्हेंबर ते मार्च कर कमी, महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट. फक्त तेव्हा बरीच हॉटेलं बंद असतात, विचारूनच तिकीट काढा.