सीएसएस : कोपरे गोल करताना त्रिज्या विसरू नका



संगणकाच्या तासाला मुलांना 'माझी ओळख' हे वेबपान करायला दिलं होतं. फोटो गोल हवा, म्हणून फळ्यावर एकच ओळ लिहून दिली. सगळ्यांनी ती उतरवून घेतली. एका मुलीचा फोटो छान गोल झाला, शेजारच्या मुलाचा मात्र अंड्यासारखा लांबट. त्याने विचारलं, "सर, ओळ तीच आहे, मग माझाच का असा?" मी म्हणालो, "दुसरा फोटो लाव." काम झालं, पण प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही. आजचा पाठ त्या उत्तराचा.

(या पाठात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी स्पेलिंगने, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांसह टाइप करायचे.)

आधी कात्री, मग कीबोर्ड

पोस्टकार्डाएवढा एक कागद घ्या. वरच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाचं नाणं असं ठेवा की ते वरच्या आणि डाव्या, दोन्ही कडांना आतून टेकेल. टेकलेल्या दोन बिंदूंमधला, कोपऱ्याच्या बाजूचा कंस पेन्सिलीने काढा आणि बाहेरचा तुकडा कापून टाका. झाला गोल कोपरा! हा कंस म्हणजे वर्तुळाचा पाव भाग. मूळ कोपऱ्यापासून टेकलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजा, ते नाण्याच्या त्रिज्येएवढंच भरेल. आता नाण्याऐवजी बांगडी घ्या. त्रिज्या वाढली की कोपरा जास्त गोल होतो, हे मुलांना सांगावं लागत नाही.

सीएसएसमध्ये हेच काम करणाऱ्या गुणधर्माचं नाव आहे बॉर्डर-रेडियस. रेडियस म्हणजे त्रिज्या, म्हणजे नावातच भूमिती आहे. ओळ अशी लिहायची :

बॉर्डर-रेडियस: २०पीएक्स;

म्हणजे चारही कोपऱ्यांत २० पिक्सेल त्रिज्येचं नाणं ठेवून कापा. पूर्वी ही सोय नव्हती. तेव्हा गोल कोपऱ्यांची छोटी चित्रं बनवून चौकटीच्या चार टोकांना लावत असत. चौकटीचा रंग बदलला की चारही चित्रं पुन्हा करायची!

एक, दोन, चार किंमती

एक किंमत दिली तर ती चारही कोपऱ्यांना लागते. दोन दिल्या तर पहिली वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्याला, दुसरी उरलेल्या दोन कोपऱ्यांना. चार दिल्या तर वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक. किंमतींमध्ये फक्त मोकळी जागा सोडायची, स्वल्पविराम नाही.

आता त्या मुलाचं उत्तर

फळ्यावरच्या ओळीत किंमत होती ५०%. टक्के कशाचे, हा प्रश्न गणितात आपण नेहमी विचारतो, तोच इथेही विचारायचा. आडवी त्रिज्या रुंदीच्या टक्क्यांत मोजली जाते आणि उभी त्रिज्या उंचीच्या. मुलीचा फोटो १२० बाय १२० होता, म्हणून दोन्ही त्रिज्या ६० आल्या आणि वर्तुळ झालं. मुलाचा फोटो १२० रुंद आणि १६० उंच. त्याच्या त्रिज्या आल्या ६० आणि ८०. दोन वेगळ्या त्रिज्या असतील तर वर्तुळ कसं होणार? लंबवर्तुळच होणार. ओळ चुकली नव्हती, चौकट चौरस नव्हती.

उपाय : रुंदी आणि उंची दोन्ही १२० पिक्सेल द्या आणि सोबत 'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर;' लिहा. मग चेहरा दबत नाही, फक्त जास्तीचा भाग झाकला जातो.

नेहमी होणाऱ्या दोन चुका

१) "सर, काहीच बदललं नाही!" चौकटीला रंग नाही आणि कडाही नाही, मग कापलेला कोपरा दिसणार कसा? आधी पार्श्वभूमीचा रंग द्या.

२) चौकट गोल झाली, पण आतल्या चित्राचे टोकदार कोपरे बाहेर डोकावतात. चौकटीला 'ओव्हरफ्लो: हिडन;' द्या.

घरी करून पाहा

३०० बाय १०० पिक्सेलची रंगीत चौकट दोनदा काढा. एकीला ५०% द्या, दुसरीला ५० पिक्सेल. पहिली लंबवर्तुळ होईल. दुसरी औषधाच्या कॅप्सूलसारखी, दोन्ही टोकांना अर्धवर्तुळ. असं का, ते मुलाने स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावं.

मोठ्या मुलांसाठी एक गणित : २०० बाय १०० च्या चौकटीला २० ची त्रिज्या दिली, तर किती क्षेत्रफळ कापलं जाईल? चार कोपऱ्यांचे चार चौरस मिळून १६००. चार पाव वर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ, ३.१४ × ४०० = १२५६. वजाबाकी ३४४ चौरस पिक्सेल.

पालकहो, कोड समजत नसला तरी चालेल. मुलाने गोल बटण दाखवलं की "वा छान" म्हणा आणि एवढंच विचारा, "यात त्रिज्या किती घेतलीस?" त्याला सांगता आलं, तर ओळ नुसती उतरवलेली नाही, समजली आहे.